खुणेचा खिळा

मी संशयी आहे. पेट्रोल भरताना मशीनवरचं शून्य डोळ्यांनी बघितल्याशिवाय मी नळी टाकीत घालू देत नाही. साडीला फॉल लावायला दिला तरी काठाच्या आतल्या बाजूला बारीकशी गाठ मारून ठेवते, परत येणारी साडी तीच आहे ना हे कळायला. नवरा म्हणतो, "तुला देव प्रसन्न झाला तरी तू आधी त्याचं आधार कार्ड मागशील." त्याला हसू येतं. मला येत नाही, कारण देवाच्या नावानं फसवणारेही मी पाहिलेले आहेत.

हा स्वभाव मी वडिलांकडून घेतला. "आपलं काम आपल्या डोयासमोर करून घ्याव," असं ते म्हणायचे, आणि आमच्या गावात सगळेच तसं करायचे. गिरणीवर दळणाचा डबा ठेवून कोणी घरी जात नसे. आधीच्याची ज्वारी आपल्या गव्हात मिसळू नये म्हणून लोक तिथंच पिठात पांढरे होत उभे राहत. गादीसाठी घरचा कापूस पिंजाऱ्याकडे दिला की आई दिवसभर त्याच्या दारात बसून राही. पिंजारी स्वतःच तिला बसायला पोतं टाकून द्यायचा आणि मधूनमधून पाणी विचारायचा. समोर बसलं म्हणून त्याचा अपमान झाला असं त्याला कधी वाटलं नाही आणि आईलाही नाही. ही गोष्ट मला लहानपणापासून ठाऊक होती, तरी ऐन वेळी मी ती विसरले.

रिठदच्या शिवारात आमचं शेत होतं, म्हणजे आहे, आता भावाचं. त्याच्या बांधावर सागाचं एक जुनं झाड होतं. वडिलांनी त्याच्या बुंध्यात हात पोचेल एवढ्या उंचीवर एक मोठा खिळा ठोकला होता आणि त्याला पाण्याची छागल, जाड कापडाची पिशवी, टांगलेली असे. जेवणाचा डबा घेऊन मी शेतात जायचे तेव्हा आधी छागलीचं गार पाणी प्यायचे आणि मगच डबा द्यायचे. पुढं छागली गेल्या, प्लास्टिकच्या बाटल्या आल्या, आणि झाडाच्या सालीनं तो खिळा हळूहळू गिळून टाकला. वडील जायच्या आदल्या वर्षी वाऱ्यानं झाड पडलं. आरा मशीनवर नेऊन त्याच्या फळ्या पाडल्या. भावाच्या नव्या घराच्या चौकटी झाल्या, दरवाजे झाले. बुंध्याकडची एक फळी उरली, तीन इंच जाड आणि वाकडी. ती गोठ्यात पडून राहिली.

वडील गेले आणि सहा महिन्यांनी हक्कसोडीचा विषय निघाला. आमच्याकडं मुली सही करतात, साडी घेतात आणि आपल्या घरी जातात. मीही रिसोडला जाऊन सही केली. कोणी बळजबरी केली नाही. भाऊ माझ्याहून लहान, शेतात राबणारा तो, मी जिल्हा परिषदेच्या शाळेत पगारी. सही करून बाहेर आले. भावानं साडीची पिशवी पुढं केली. मी म्हटलं, "साडी राहू दे. मला गोठ्यातली ती फळी दे."

"फळी? ते वाकडी? कायले?"

"टेबल करायचंय."

माहेरी मला कधी टेबल नव्हतं. दहावीपर्यंतचा सगळा अभ्यास तुरीच्या पोत्यावर वही ठेवून केला. आता खिडकीशी एक छोटंसं टेबल हवं होतं, पेपर तपासायला, नुसतं कोपर टेकून बसायला. पण खरं कारण ते नव्हतं. बापाच्या शेतातलं आता माझं म्हणून एवढंच उरणार होतं. ती फळी त्याच झाडाची असेल तर माझ्याकडं काहीतरी होतं, नसेल तर काहीच नव्हतं.

भाऊ लगेच हो म्हणाला. दुसऱ्याच दिवशी गाडीत घालून वाशिमला माझ्या घरी आणून दिली, उतरवली, चहा पिऊन गेला. इतक्या सहज दिली की माझ्या मनात पाल चुकचुकली. सागाची फळी कोणी अशी देतं का? चार दिवस मी धीर धरला आणि मग फोन केला, "अरे, ही त्याच झाडाची आहे ना?"

"ताई, तुले दुसऱ्या झाडाची देऊन मले काय भेटन?"

हे उत्तर खऱ्या माणसाचंही असू शकतं आणि खोट्याचंही, असं मला वाटलं. फळीकडं बघून काही कळत नव्हतं. वरून राखाडी, शेणाचे वाळलेले पापुद्रे, एका कडेला उंदरांनी कुरतडलेलं. छागलीच्या खिळ्याची कुठं काही खूण दिसते का ते मी बोटांनी चाचपून पाहिलं. नाही दिसली.

टेबल करायला वाशिममध्ये सुतार पुष्कळ. पण ओळख ना पाळख, त्यांना सागवान द्यायचं म्हणजे मांजराला दूध राखायला बसवायचं. म्हणून मी रिठदच्या सुतारकाकांकडं द्यायचं ठरवलं. सत्तरीला टेकलेले, रस्त्याच्या कडेला टिनाच्या शेडात दुकान, वडिलांना चांगले ओळखणारे. विश्वासाचा माणूस. आणि विश्वासाच्या माणसाकडं द्यायच्या आदल्या दिवशी मी काय केलं, तर फळी उलटी केली आणि खालच्या बाजूला, एका कोपऱ्यापासून चार बोटं आत, इंचभराचा नवा खिळा ठोकला. पक्कडीनं त्याचं डोकं मोडलं, राहिलेलं टोक आणखी आत दाबलं आणि वरून ओली माती चोळली. चार दिवस रजा टाकून दुकानात बसणं मला जमणार नव्हतं. माझ्या जागी तो खिळा राखण करील असा हिशेब होता. नवऱ्यालाही सांगितलं नाही. त्यानं परत आधार कार्ड काढलं असतं.

काकांनी फळी दोन लाकडी घोड्यांवर ठेवली. दोन सरळ पट्ट्या घेतल्या, एक या टोकाला आडवी ठेवली, एक त्या टोकाला, आणि खाली वाकून एक डोळा मिटून एकीच्या कडेवरून दुसरीची कड बघितली.

"पीळ हाय बाई हिले. अन् बाक बी हाय."

"म्हणजे?"

"म्हंजे इंचभर जाडी राह्यली तं नशीब."

"तीन इंचाची फळी, काका. इंचभर?"

त्यांनी फळी फरशीवर पालथी टाकली आणि एका कोपऱ्यावर हात दाबला. समोरासमोरचे दोन कोपरे तालात वर-खाली झाले, खाट डुगडुगते तशी. "हे दोन कोपरे वरतून कापा लागते. बाकीचे दोन खालतून. दोन्ही कडून जाते. सपाट कराचं म्हंजे असंच असते."

मी चौथीला गणित शिकवते. डोक्याला ते पटलं. मनाला पटलं नाही. मनात आलं, आरा मशीनवर नेऊन वरची एक फळी अलगद कापून ठेवतील आणि मला सांगतील भुसा झाला. "मग बाकीचे दोन इंच?" मी विचारलं.

"भुसा होते."

बघा, मी मनात म्हटलं.

मग त्यांनी विचारलं, "लोखंड-गिखंड नाई ना हिच्यात? मशीनचा रंधा लावतो मी आता. हातात पहिल्यासारखा जोर नाई राह्यला."

तेव्हाच सांगायला हवं होतं. एका वाक्याचं काम होतं. पण खिळा आहे म्हटलं की तो कोणी ठोकला आणि कशाला ठोकला, हे सगळं आलं. मी म्हटलं, "मला कसं माहीत असणार, काका?"

"पाह्यतो मी," ते म्हणाले. "बसाचं असन तं येत जा. नाईतं आठ दिसांनं ये."

जाता जाता मी वरच्या बाजूला पेन्सिलनं माझी सही करून ठेवली. ते त्यांनी बघितलं.

आठ दिवस मी वाट बघितली नाही. पाचव्या दिवशी शनिवार होता, सकाळची शाळा. न कळवता मी एसटीत बसले आणि साडेबाराला रिठदला उतरले. न कळवता गेलं की माणूस जसा आहे तसा सापडतो, असं मला वाटायचं.

काका जेवून नुकतेच आले होते. घोड्यांवर एक फळी होती. वरची बाजू तासून झालेली, गुळगुळीत. पण रंग? हिरवट. मधेच पिवळट, मधेच मातकट पट्टे, आजारी माणसाच्या चेहऱ्यासारखी. सागवान सोनेरी असतं एवढं तर मलाही माहीत आहे. भावाच्या घराचे दरवाजे पाहिलेत मी. वर पेन्सिलच्या नागमोडी रेघाच रेघा ओढलेल्या, माझी सही कुठंच नाही. आणि मागं भिंतीला टेकून एक राखाडी, शेणकट फळी उभी. तेवढीच लांब.

माझी फळी ती भिंतीशी आहे आणि ही कुणाची तरी भलतीच आहे, याबद्दल मला तिळभर शंका उरली नाही.

"या रेघा कसल्या?" मी आवाज शक्य तेवढा साधा ठेवून विचारलं.

"खड्डा कुठं हाय ते समजते. रंधा फिरवला का उंचावरच्या रेघा जाते, खड्ड्यातल्या राह्यते. सगळ्या गेल्या का सपाट झालं."

"आणि रंग असा कसा?"

"ताजा सागवान असाच दिसते. दोन दिस उजेडात राह्यला का येते रंगावर."

प्रत्येक प्रश्नाला उत्तर तयार होतं. मला तयार उत्तरांची भीती वाटते. वर्गातसुद्धा ज्या पोराचं उत्तर तयार असतं त्याचीच मी वही आधी बघते. बोलता बोलता मी फळीच्या कडेला टेकले आणि हात खाली घातला. कोपऱ्यापासून चार बोटं आत. माती, खरबरीत लाकूड, पुन्हा माती. खिळा लागेना. दुसरा कोपरा चाचपला. तिथंही नाही. आता माझी खात्रीच झाली आणि तोंडातून निघून गेलं, "काका, ही फळी माझीच आहे ना?"

ते पट्टी पुसत होते. पुसायचे थांबले. माझ्याकडं पाहिलं, भिंतीशी उभ्या फळीकडं पाहिलं आणि परत माझ्याकडं. त्यांचा चेहरा रागानं लाल झाला असता तर मला बरं वाटलं असतं. तो नुसता उतरला.

"बस इथं, बाई," ते म्हणाले. "खालची बाजू राह्यली हाय. तुह्या डोयासमोर करतो."

त्यांनी फळी उलटी केली, फडक्यानं वरवर झाडली, मशीनचा रंधा उचलला आणि वायर लावली. माझ्यासमोर तो शेणामातीचा तळ आला. खिळा असलाच तर तिथं, त्या मातीखाली होता. मी बोलू शकले असते. मशीन सुरू व्हायला, ते वाकायला, पाय रोवायला वेळ होता. पण मी मनाशी म्हटलं, फिरू दे. खिळा लागला नाही म्हणजे फळी बदलली हे सिद्धच झालं. पुरावा आपोआप समोर येईल. मी तोंडाला कुलूप घालून बसले.

रंधा पहिल्यांदा फिरला. माती उडाली. दुसऱ्यांदा कोपऱ्याकडं आला आणि कर्रकन असा आवाज झाला की दात आंबले. ठिणगी उडाली, मशीन उसळलं, काकांचा डावा हात फळीच्या कडेवरून घासत गेला. त्यांनी बटण सोडलं. अंगठ्यापासून मनगटापर्यंत कातडी सोलली होती आणि रक्त भुशावर टपटप पडत होतं.

खोटं कशाला बोलू? पहिला क्षण मला आनंद झाला. फळी माझीच आहे! रक्त मला नंतर दिसलं. तेवढ्या अंतराची मला आजही लाज वाटते.

काकांनी हात फडक्यात गुंडाळला. रंध्याचं पातं बघितलं. त्याच्या धारेचा तुकडा उडाला होता. मग पक्कड घेऊन त्यांनी लाकडातून खिळा ओढून काढला आणि उजेडात धरला. नवा, चकचकीत, बिनडोक्याचा. मग उठून मांडणीवर ठेवलेली कागदाची एक पुडी घेऊन आले आणि ती माझ्यासमोर उघडली. आत बोटभर लांबीचा, गंजून काळा पडलेला, वाकलेला खिळा होता.

"हा परवा वरच्या बाजूनं निंघाला, लाकडाच्या पोटातून. तुह्या बापाच्या छागलीचा. मीच देला होता त्याले, इथूनच. तुले द्याचा म्हनून ठेवला." मग पक्कडीतला खिळा त्यांनी त्याच्या शेजारी ठेवला. "अन् हा कोनाचा?"

रस्त्यावरून ट्रॅक्टर गेला.

"माझा," मी म्हटलं.

"खुनेसाठी?"

मी मान डोलावली.

ते लाकडाच्या ओंडक्यावर बसले. रागावले नाहीत, निदान आवाजात राग नव्हता. "समोर बसाचं होतं ना, बाई. बसनाऱ्याचा कोनाले राग येत नाई. तुहा बाप बी बसे. घरच्या चौकटी केल्या तवा चार दिस बसला होता, तू बसली ना, तिथंच. मले सांगे, इथं कमी तासला, तिथं जास्त तासला. डोकं खाल्लं माह्यं." ते जरा हसले, आणि लगेच हात दुखला म्हणून थांबले. "पर मी लोखंडाचं पुसलं तवा त्यानं खोटं नसतं सांगतलं."

मी रुमाल काढला, तो त्यांच्या हाताला बांधू लागले, पण गाठ बसेना. शेवटी त्यांनी दातांनी गाठ ओढली. रस्त्यानं ओळखीचा एक मोटरसायकलवाला चालला होता, त्याला हाक मारली. दवाखान्यात जाऊन इंजेक्शन घ्यायला हवं होतं. मी म्हटलं, मी येते. ते म्हणाले, "तू कायले? तू दुकानावर ध्यान ठेव. कोनी आलं तं सांग, आलोच म्हनाव."

आणि गेले. मागं वळूनसुद्धा बघितलं नाही.

तासभर मी त्या दुकानात एकटी होते. करवती, पटाशा, कोणाच्या दाराचे पल्ले, कोणाचा पाळणा, कोणाचा पाट. लोकांची इतकी लाकडं, आणि एकावरही खडूच्या नावापलीकडं खूण नव्हती. मी भिंतीजवळ जाऊन त्या राखाडी फळीला नाक लावलं. कडुनिंब होता. माझ्या फळीला तर कोरं चामडं ठेवल्यासारखा सागाचा वास येत होता. तो मला आल्या आल्या यायला हवा होता, पण मी नाक घेऊन आलेच नव्हते, नुसते डोळे घेऊन आले होते. घोड्यांच्या खाली भुशाचा आणि कुरळ्या छिलक्यांचा ढीग घोट्यापर्यंत होता. फळीचं जे जे निघालं होतं ते मी मघापासून पायाखाली तुडवत होते.

मी भावाला फोन लावला. "जेवलास का?" मी विचारलं.

"जेवलो. काय झालं ताई? तू कधी असं पुसत नाई."

"काही नाही. झाडातला खिळा सापडला. छागलीचा."

"अरे वा," तो म्हणाला. आणि मग, "म्हंजे आता पटलं तुले."

सोमवारी आणि मंगळवारी मी रजा टाकली आणि रिठदला जाऊन दुकानात बसले. पातं रिसोडला पाठवलं होतं, यायला वेळ होता, आणि थांबायला काका तयार नव्हते. खालची बाजू त्यांनी हाताच्या रंध्यानं केली, पट्टी बांधलेल्या हातानं, दर दहा वेळा रंधा ओढला की थांबून. मी दुसऱ्या टोकाला फळी दाबून धरत होते. पहिल्याच दिवशी मी गेल्याबरोबर त्यांनी भुसा बाजूला सारून माझ्यासाठी जमिनीवर पोतं टाकलं होतं. पेन्सिलच्या रेघा मी ओढायचे, ते घालवायचे. मंगळवारी दुपारी शेवटची रेघ गेली. दोन्ही पट्ट्या दोन टोकांना ठेवून त्यांनी मला बघायला सांगितलं. मी एक डोळा मिटला. दोन्ही कडा एकमेकींवर बरोबर बसल्या होत्या.

पंधरा दिवसांनी टेबल तयार झालं. रंग तोवर सोनेरी आला होता. वडिलांच्या खिळ्याच्या जागी काकांनी सागाचीच बारीक खुंटी इतकी बेमालूम बसवली होती की काळसर डाग नसता तर मला जागा सापडली नसती. मी हात फिरवला, कडा बघितल्या, आणि मग, स्वभावाला औषध नाही, टेबल आडवं करून खालची बाजूही बघितली. सगळं गुळगुळीत होतं. फक्त कोपऱ्यापासून चार बोटं आत एक बारीक भोक उघडंच होतं.

"काका, हे बुजवायचं राहिलं."

ते हत्यारं आवरत होते. वर न बघताच म्हणाले, "राह्यलं नाई. ठेवलं. तुही खून हाय ते."